दिल्ली–सॅन फ्रान्सिस्को : लांबच्या वाटेने लवकर

ऑक्टोबर २०१६ मध्ये एअर इंडियाचे एक प्रवासी विमान दिल्लीहून सॅन फ्रान्सिस्कोला निघाले, ते नेहमीच्या दिशेकडे पाठ फिरवून. २ डिसेंबर २०१५ रोजी ही थेट सेवा सुरू झाली, तेव्हापासून विमाने दिल्लीहून वायव्येकडे वळत, युरोपवरून अटलांटिक महासागर ओलांडीत आणि मग अमेरिका खंडावरून आडवे उडत पश्चिम किनारा गाठीत. हे विमान मात्र पूर्वेकडे वळले. चीन व जपान मागे टाकून त्याने पॅसिफिक महासागरावरून अमेरिका गाठली. अटलांटिकची वाट सुमारे १३,९०० किलोमीटरांची होती, तर ही नवी वाट सुमारे १५,३०० किलोमीटरांची. वाट चौदाशे किलोमीटरांनी वाढली, परंतु प्रवास मात्र साडेचौदा तासांत आटोपला. म्हणजे जवळजवळ दोन तास कमी लागले.

पुण्या-मुंबईच्या कितीतरी घरांतील मुले-मुली आज सॅन फ्रान्सिस्कोच्या परिसरात नोकरीनिमित्त स्थायिक आहेत आणि त्यांना भेटावयास जाणाऱ्या आईवडिलांची संख्याही मोठी आहे. ‘तिथे किती लांब आहे?’ हा त्यांचा पहिला प्रश्न असतो. प्रश्न साधा दिसतो. परंतु त्याचे उत्तर नकाशावर एक मिळते, पृथ्वीच्या गोलावर दुसरे आणि वैमानिकाच्या हाती दिलेल्या उड्डाण-आराखड्यात तिसरे. तिकिटावर छापलेले तास या तिसऱ्या उत्तरातून निघतात.

प्रथम नकाशाकडे पाहू. शाळेच्या भिंतीवर टांगलेल्या जगाच्या नकाशात दिल्ली उजवीकडे आणि सॅन फ्रान्सिस्को डाव्या टोकाला असते. साहजिकच दिल्लीहून पश्चिमेकडे, युरोप व अटलांटिक ओलांडून जाणारी आडवी रेषा हीच सरळ वाट वाटते. हा दोष डोळ्यांचा नाही, नकाशाचा आहे. गेरार्डस मर्केटर याने १५६९ साली तयार केलेल्या पद्धतीचे नकाशे दर्यावर्दींच्या सोयीसाठी होते. होकायंत्राची एकच दिशा धरून जाणाऱ्या जहाजाचा मार्ग त्यांत सरळ रेषेत उमटतो. मात्र त्यासाठी ध्रुवांकडील प्रदेश प्रमाणाबाहेर ताणावा लागतो.

खरे अंतर पाहावयाचे तर पृथ्वीचा गोल हाती घ्यावा आणि दिल्ली व सॅन फ्रान्सिस्को यांच्यामध्ये एक दोरा घट्ट ताणून धरावा. दोरा पश्चिमेकडेही जात नाही आणि पूर्वेकडेही. तो जवळजवळ थेट उत्तरेला चढतो. लडाख व पश्चिम तिबेट, चीनचा शिनजियांग प्रांत, सैबेरिया, त्यापुढे आर्क्टिक महासागरात सुमारे ७५ अंश उत्तर अक्षांश गाठून तो अलास्कावरून खाली उतरतो. गोलावरील या सर्वांत जवळच्या वाटेला भूगोलात बृहद्‌वृत्ताचा कंस म्हणतात. तिची लांबी भरते सुमारे १२,४०० किलोमीटर. दोन्ही शहरे उत्तर गोलार्धात आहेत आणि पृथ्वीच्या जवळजवळ विरुद्ध बाजूंना आहेत, म्हणून एकाकडून दुसऱ्याकडे जाण्याचा जवळचा रस्ता पृथ्वीच्या माथ्याजवळून जातो.

मग विमाने या दोऱ्याच्या रेषेतच का उडत नाहीत? पहिला अडसर हिमालयाचा आणि त्यामागील तिबेटच्या पठाराचा. विमान दहा-अकरा किलोमीटर उंचीवर उडते, तेव्हा पर्वतशिखरे त्याच्या वाटेत येत नाहीत, हे खरे. प्रश्न वेगळाच आहे. काही बिघाडाने विमानातील हवेचा दाब गेला, तर प्रवाशांच्या डोक्यावरून प्राणवायूचे मुखवटे खाली येतात; त्यांतील प्राणवायू साधारणतः बारा ते वीस मिनिटे पुरतो. तेवढ्या अवधीत वैमानिकाला दहा हजार फुटांपर्यंत, म्हणजे सुमारे तीन हजार मीटरपर्यंत, खाली उतरावे लागते. तेथे मुखवट्याविना श्वास घेता येतो. तिबेटच्या पठाराची जमीनच सरासरी साडेचार हजार मीटर उंच आहे. खाली उतरावयाचे तरी कोठे? म्हणून दिल्लीहून निघालेले विमान हा उंचवटा एका बाजूने वळसा घालून टाळते. वळसा कोणत्या बाजूने घालावयाचा, हे मात्र वारा ठरवितो.

वाऱ्याकडे वळण्यापूर्वी एका सर्वत्र पसरलेल्या समजुतीचा निकाल लावलेला बरा. पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते. तेव्हा पश्चिमेकडे निघालेल्या विमानाच्या भेटीला गाव आपणहून येत असणार आणि पूर्वेकडे निघालेल्याला ते गाठण्यासाठी पाठलाग करावा लागत असणार, असे पुष्कळांना वाटते. तसे असते, तर विमानाने नुसते वर चढून काही तास थांबावे आणि अमेरिका खाली आली की उतरावे, एवढेच काम उरले असते! धावत्या आगगाडीच्या डब्यात वर उडविलेला चेंडू मागच्या डब्यात जाऊन पडत नाही. हातातच परत येतो, कारण गाडीचा वेग चेंडूलाही मिळालेला असतो. पृथ्वीबरोबर तिच्याभोवतीची हवा फिरते आणि त्या हवेत उडणारे विमानही फिरते. पृथ्वीच्या फिरण्याने विमानाचे तास थेट वाढत वा घटत नाहीत. ते फिरणे आपले काम आडवाटेने करते, वाऱ्यांच्या द्वारे.

विषुववृत्ताकडील उष्ण हवा आणि ध्रुवाकडील थंड हवा यांच्या तापमानात फार मोठा फरक असतो. या फरकामुळे आणि पृथ्वीच्या परिवलनामुळे, जमिनीपासून साधारण नऊ ते बारा किलोमीटर उंचीवर, पश्चिमेकडून पूर्वेकडे वेगाने वाहणाऱ्या हवेच्या नद्या तयार होतात. त्यांना जेट प्रवाह म्हणतात. त्या नदीसारख्याच नागमोडी वाहतात, हिवाळ्यात भरात येतात, उन्हाळ्यात मंदावून उत्तरेकडे सरकतात. हिवाळ्यात जपानच्या परिसरात त्यांचा वेग कधी कधी ताशी तीनशे किलोमीटरच्या पुढे जातो.

या वाऱ्यांच्या शोधाची हकीकत मोठी वेधक आहे. टोकियोच्या उत्तरेस तातेनो येथील वेधशाळेत वासाबुरो ओइशी हे हवामानशास्त्रज्ञ १९२० नंतरच्या दशकात आकाशात लहान फुगे सोडून दुर्बिणीने त्यांचा माग घेत असत. उंचावर गेलेले फुगे विलक्षण वेगाने पूर्वेकडे निघून जातात, असे त्यांना आढळले. हा निष्कर्ष जगभर वाचला जावा, या इच्छेने त्यांनी तो १९२६ साली एस्पेरांतो या कृत्रिम आंतरराष्ट्रीय भाषेत प्रसिद्ध केला. परिणामी तो जवळजवळ कोणीच वाचला नाही. पुढे १९४४ मध्ये अमेरिकेची उंच उडणारी बॉम्बफेकी विमाने जपानवर आली आणि समोरच्या वाऱ्यामुळे जागच्या जागी खिळल्यासारखी झाली, तेव्हा अमेरिकेला या वाऱ्याचा प्रत्यय आला. जपानला तो आधीच ठाऊक होता. नोव्हेंबर १९४४ पासून जपानने नऊ हजारांहून अधिक बॉम्बवाहू फुगे या वाऱ्यावर सोडून दिले. त्यांतील काहीशे पॅसिफिक ओलांडून अमेरिकेत पोहोचले आणि मे १९४५ मध्ये अशाच एका फुग्याच्या स्फोटात ऑरेगन राज्यात सहा जणांचा मृत्यू झाला. ज्या वाऱ्यावर तेव्हा फुगे गेले, त्याच वाऱ्यावर २०१६ साली दिल्लीचे विमान गेले.

हिशेब मांडून पाहावयाचा तर त्यासाठी विमानशास्त्राची गरज नाही. प्रवाहाच्या दिशेने आणि प्रवाहाच्या विरुद्ध जाणाऱ्या होडीची उदाहरणे शाळेत प्रत्येकाने सोडविलेली असतात. बँकेच्या भरती परीक्षेस बसलेल्यांनी तर ती पाठच केलेली असतात. विमानाचा स्थिर हवेतील वेग ताशी ९०० किलोमीटर आणि पाठचा वारा सरासरी ताशी १५० किलोमीटर धरला, तर जमिनीच्या संदर्भात विमान ताशी १,०५० किलोमीटर वेगाने जाते. १५,३०० किलोमीटरांना साडेचौदा तास पुरतात. आता तेच अंतर तोच वारा छातीवर घेऊन कापावयाचे म्हटले, तर वेग ७५० वर येतो आणि प्रवास वीस तासांच्याही पुढे जातो. अटलांटिकच्या वाटेवर समोरचा वारा सौम्य असला तरी तो समोरचाच असे. म्हणून १३,९०० किलोमीटरांना सुमारे सोळा तास लागत. सॅन फ्रान्सिस्कोहून परत येताना पॅसिफिकची वाट सोडून ध्रुवाकडून किंवा अटलांटिकवरून येणे का पसंत केले जाते, हेही या गणितातच दडलेले आहे.

यात केवळ प्रवाशांच्या पायांना आलेल्या मुंग्यांचा प्रश्न नसतो. त्या वेळी या मार्गावर उडणाऱ्या बोइंग ७७७-२०० एलआर विमानाच्या टाक्यांत सुमारे १,८१,००० लिटर, म्हणजे साधारण १४५ टन इंधन मावते. ताशी सात ते आठ टन इंधन जळते. वीस तासांचा प्रवास या विमानाला झेपणाराच नव्हता, हे यावरून ध्यानी येईल. शिवाय इंधन वाहून नेण्यासाठीही इंधन लागते. प्रवासाच्या शेवटच्या तासाला लागणारे इंधन आधीचे पंधरा तास पोटात घेऊन उडावे लागते आणि ते ओझे उचलण्यासाठी आणखी इंधन जळते. त्यामुळे दूरच्या प्रवासात वाचलेला एकेक तास सामान्य तासापेक्षा महाग असतो. वारा प्रतिकूल असेल, तर काही वेळा थोडे प्रवासी किंवा माल कमी घेऊन वजनाचा मेळ बसवावा लागतो.

वारा रोज बदलतो, म्हणून वाटही रोज बदलते. उड्डाणापूर्वी काही तास हवामानाचे ताजे अंदाज घेऊन त्या दिवशीचा मार्ग आखला जातो. काल ज्या शहरावरून विमान गेले, त्याच्या हजार किलोमीटर उत्तरेवरून ते आज जाऊ शकते. वेळापत्रकातील तास हे अशा अनेक दिवसांच्या अनुभवावरून, थोडी सवड धरून, ठरविलेले असतात. विमान ‘वेळेआधी’ पोहोचल्याची घोषणा ऐकून प्रवासी सुखावतात. त्याचे श्रेय पुष्कळदा वाऱ्याचे आणि त्या सवडीचे असते.

गोलावरच्या दोऱ्याशी बऱ्याच अंशी इमान राखणारे एक उड्डाण जानेवारी २०२१ मध्ये झाले. बेंगळुरू आणि सॅन फ्रान्सिस्को यांच्यातील किमान अंतर सुमारे १४,००० किलोमीटर आहे. ९ जानेवारीच्या रात्री कॅप्टन झोया अगरवाल यांच्या नेतृत्वाखाली केवळ महिला वैमानिकांनी एअर इंडियाचे विमान सॅन फ्रान्सिस्कोहून उत्तर ध्रुवावरून बेंगळुरूस आणले. प्रवास सुमारे सतरा तासांचा झाला. ध्रुवाजवळ चुंबकीय होकायंत्र भरवशाचे राहत नाही. बाहेरील थंडी इतकी असते की इंधनाच्या तापमानावरही लक्ष ठेवावे लागते. विमानाच्या सर्वसामान्य इंधनाचा गोठणबिंदू उणे ४० ते उणे ४७ अंश सेल्सियस असतो. आणि खाली उतरावयाची वेळ आलीच, तर विमानतळ अगदी मोजके.

हा शेवटचा मुद्दा पुस्तकी नाही. दोन इंजिनांच्या विमानाला अशा मार्गावर जाताना एक अट पाळावी लागते: एक इंजिन बंद पडले, तरी ठराविक वेळेत गाठता येईल असा एखादा विमानतळ वाटेत सतत टप्प्यात असला पाहिजे. ६ जून २०२३ रोजी दिल्लीहून सॅन फ्रान्सिस्कोला निघालेल्या एअर इंडियाच्या विमानाच्या एका इंजिनात बिघाड झाला. त्या वेळी टप्प्यात असलेला विमानतळ होता रशियाच्या अतिपूर्वेकडील मगादानचा. ओखोत्स्क समुद्राच्या काठी वसलेले हे गाव एके काळी सोव्हिएत श्रमछावण्यांचे प्रवेशद्वार म्हणून ओळखले जाई. विमान तेथे सुखरूप उतरले. त्यात २१६ प्रवासी आणि १६ कर्मचारी होते.

अंतर आणि वेळ यांचा हिशेब माणसांच्या अंगावर कसा येतो, हे मगादानला दिसले. एवढ्या लोकांना एकाच ठिकाणी सामावून घेईल अशी सोय गावात नव्हती, त्यामुळे वसतिगृहे आणि शाळेच्या इमारतीतही प्रवाशांची व्यवस्था करावी लागली. भाषा परकी, जेवण परके. बँकेच्या ग्राहकांनी लक्षात घ्यावी अशी आणखी एक अडचण होती. युक्रेनवरील आक्रमणानंतर मार्च २०२२ मध्ये व्हिसा आणि मास्टरकार्ड या कंपन्यांनी रशियातील व्यवहार थांबविले होते. त्यामुळे रशियाबाहेर दिलेली त्यांची कार्डे तेथील दुकानांत वा एटीएमवर चालत नव्हती. दिल्लीहून अमेरिकेला जाणाऱ्या माणसाने रुबल जवळ बाळगण्याचा विचार कशाला केला असेल? अखेर मुंबईहून दुसरे विमान पाठविण्यात आले आणि ८ जूनच्या सकाळी ते सर्वांना घेऊन मगादानहून निघाले.

ज्या आकाशातून हे विमान चालले होते, ते आकाश २०२२ पासून अमेरिकी व युरोपीय कंपन्यांना बंद झाले होते. भारतीय कंपन्यांना ते खुले राहिले, म्हणून त्यांची वाट त्या काळात प्रतिस्पर्ध्यांपेक्षा जवळची ठरली. दुसऱ्या बाजूला मात्र भारतीय कंपन्यांच्याच वाटेत भिंत उभी राहिली. २७ फेब्रुवारी २०१९ रोजी पाकिस्तानने आपली हवाई हद्द बंद केली, ती भारतीय विमानांसाठी १६ जुलैला पुन्हा खुली झाली. दिल्लीहून पश्चिमेकडे जाणाऱ्या विमानांना आधी दक्षिणेकडे गुजरातच्या बाजूला उतरून अरबी समुद्रावरून वळसा घ्यावा लागला. एकट्या एअर इंडियाला २ जुलैपर्यंत ४९१ कोटी रुपयांचा भुर्दंड पडल्याचे सरकारने राज्यसभेत सांगितले. २४ एप्रिल २०२५ रोजी पाकिस्तानने ही हद्द भारतीय कंपन्यांना पुन्हा बंद केली. उत्तर अमेरिकेचा प्रवास त्यामुळे तास-दीड तासाने वाढला आणि काही विमानांना इंधनासाठी व्हिएन्ना किंवा कोपनहेगन येथे उतरावे लागले. दोन शहरे होती तेथेच होती. त्यांच्यातील अंतर मात्र एका रात्रीत वाढले.

आता राहिला घड्याळाचा भाग. मगादानहून ८ जूनच्या सकाळी साडेदहाच्या सुमारास निघालेले प्रवासी सॅन फ्रान्सिस्कोला उतरले, तेव्हा तेथे ८ जूनचीच मध्यरात्र नुकती उलटली होती. पावणेआठ तास उडून ते निघाल्याच्या वेळेआधी सुमारे दहा तास पोहोचले! पॅसिफिक महासागरात आखलेली आंतरराष्ट्रीय वाररेषा पूर्वेकडे जाताना ओलांडली की तारीख एक दिवस मागे येते. दिल्लीच्या प्रवाशालाही हा अनुभव येतो. भारताची प्रमाणवेळ कॅलिफोर्नियाच्या पुढे हिवाळ्यात साडेतेरा तास आणि मार्चच्या दुसऱ्या रविवारपासून नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारपर्यंत साडेबारा तास असते. हिवाळ्यात रात्री अडीचला दिल्ली सोडून सोळा तास प्रवास केला, तर सॅन फ्रान्सिस्कोला त्याच तारखेची पहाटेची पाच वाजलेली वेळ भेटते. घड्याळ म्हणते अडीच तास. शरीर सांगते सोळा.

येताना हे उधार मिळालेले तास व्याजाविना पण पूर्णपणे परत करावे लागतात. समजा, जानेवारीत १० तारखेला सकाळी दहा वाजता विमान सॅन फ्रान्सिस्कोहून निघाले. सोळा तासांनी ते दिल्लीला उतरेल, तेव्हा ११ तारखेचे दुपारचे साडेतीन वाजलेले असतील. तिकिटावर उतरण्याच्या वेळेपुढे छापलेला अधिक एकचा आकडा हेच सांगतो. घ्यावयास येणाऱ्या नातेवाइकांनी तो न पाहिल्याने विमानतळावर एक दिवस आधीच हार घेऊन उभे राहण्याचा प्रसंग येऊ शकतो.

बँकेच्या व्यवहारात या साडेतेरा तासांचा विसर अधिक नडतो. कर्जाच्या हप्त्याची वा क्रेडिट कार्डाच्या देयकाची १० तारखेची मुदत भारतीय तारखेप्रमाणे मोजली जाते. सॅन फ्रान्सिस्कोच्या विमानतळावर १० तारखेला सकाळी दहा वाजता ती आठवली, तर भारतात रात्रीचे साडेअकरा वाजलेले असतात आणि मुदतीचा अर्धाच तास उरलेला असतो. विमान आकाशात स्थिरावेपर्यंत तोही संपतो. शाखेत दूरध्वनी करावयाचा असेल, तर दिल्ली वा पुण्यातील सकाळी दहाची वेळ म्हणजे कॅलिफोर्नियात आदल्या दिवशीचे रात्रीचे साडेआठ, उन्हाळ्यात साडेनऊ. तेथे रविवारी रात्री जेवणे आटोपून फोन हाती घेतला, तर इकडे सोमवारचे कामकाज नुकतेच सुरू झालेले असते.